पंप कुणी धुवायचा होता

किसन, तू गेल्यानंतरच्या पहिल्या तारखेला कोर्टाच्या पट्टेवाल्यानं तुझ्या नावाचा पुकारा केला. नेहमीसारखाच, आधी तुझं नाव, मग माझं. सात वर्षं मी तो ऐकत आलोय. तुझं नाव झालं की तू बाकावरून उठायचास, कोटाचं वरचं बटण लावायचास, आणि मग मी उठायचो. त्या दिवशी तुझं नाव झालं आणि मी आपला तू उठण्याची वाट बघत बसून राहिलो. तुझा वकील उभा राहिला आणि म्हणाला, "वादी मयत, साहेब."

'मयत' हा शब्द मी सात-बाराच्या उताऱ्यावर किती वेळा वाचला असेल. तुझ्या नावामागं लागलेला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. माझं नाव दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा कुठं मी उठलो. लोकांना हसू येईल, प्रतिवादी वादीसाठी डोळे पुसतोय. येऊ दे.

बाहेर आल्यावर माझे वकील भलतेच खुशीत होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नव्वद दिवसांत वारसांनी अर्ज केला नाही तर दावा आपोआप संपतो. पोरगी नोकरीवाली, तिला कशाला हवीत ही लफडी. तुम्ही फक्त गप्प बसा. गप्प बसण्यात मी किती पटाईत आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. तुला होतं.

खरं तर आपल्या दाव्यात होतं काय? एक पाठीवरचा पितळी फवारणी पंप. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि आपल्या सायखेड्यात जो तो द्राक्षांच्या मागं लागला. तू शाळेतून रिटायर झाला होतास. गावाला तू गुरुजी, मला मात्र चौथीपर्यंत दाराशी वेगळा बसवलेला आणि तिथूनच मला गणितं सांगणारा किसन. विहिरीजवळच्या तुझ्या एकरभर रानात तू मांडव घातलास आणि पोरांच्या हजेरीसारखी एकेका वेलाची वही ठेवलीस. मी तुला खूप चिडवलं. वेलांना बाराखडी शिकवतोस का, म्हणालो. माझा ऊस होता, मला कसली चिंता.

त्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर वेल फुटले, घड दिसायला लागले, आणि मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या ऐन वेळी तुझ्या पंपाचं वायसर गेलं. तू माझ्याकडं आलास. माझा पंप मी चार दिवसांपूर्वीच उसात तणनाशक मारायला वापरला होता. ते औषध देताना शेतकी खात्याच्या माणसानं मला दोनदा बजावलं होतं की द्राक्षाला हे विष आहे, पंप धुण्याच्या सोड्यानं धुवा, नुसत्या पाण्यानं जात नाही. मी पाटाच्या पाण्यात दोनदा खळबळला आणि ठेवून दिला. तू मागितलास तेव्हा मी बैलांना वैरण टाकत होतो. मागं न बघताच म्हणालो, "धुतलाय रे. घेऊन जा."

एवढंच बोललो. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही पुरतं नव्हतं.

आठ-दहा दिवसांत तुझ्या बागेची पानं मिटल्या पंख्यासारखी आवळली. शेंडे वळले, घड झडले. सगळा गाव बघायला आला. चावडीपुढं कुणीतरी मला विचारलं, बापू, तणाचं औषध मारलं होतं हे तू गुरुजींना सांगितलं नव्हतं का? समोर पन्नास माणसं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"सांगितलं व्हतं की," मी म्हणालो. "त्यानंच नाय ऐकलं."

तू माझ्याकडं पाहिलंस. भांडला असतास तर बरं झालं असतं. तू चपला घातल्यास आणि घरी गेलास. महिन्याभरानं नाशिकहून बेलीफ आला आणि समन्स माझ्या हातात ठेवून गेला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण दोघं तिथली पायरी न् पायरी ओळखायला लागलो. पहिलं वर्ष रागात गेलं. सकाळची नाशिकची एस.टी. एकच, त्यामुळं तू पुढच्या दारापाशी, मी मागच्या बाकावर. सीबीएस स्टँडवर उतरायचो आणि समोरच्या कोर्टात तू एका फाटकानं, मी दुसऱ्या फाटकानं शिरायचो. मग एकदा गाडी खच्चून भरली होती आणि तुझ्या शेजारची तेवढी जागा मोकळी होती. मी दांडीला धरून उभा. तू पिशवी मांडीवर घेतलीस आणि म्हणालास, "बस. दिवाणी दावा आहे, विटाळ नाही."

मी हसलो. त्या हसण्यामागं काय दडलं होतं ते पुढं सांगतो.

त्या दिवसापासून एस.टी.त तुझी शाळा भरायला लागली. वकिलाला विचारून, कुठली कुठली पुस्तकं आणून तू कायदा वाचत होतास, आणि मला शिकवल्याशिवाय तुला चैन नव्हतं. मी प्रतिवादी, हे तू विसरूनच जायचास. तू सांगायचास की चोरी, मारामारी हा गुन्हा, तिथं सरकार जाब विचारतं. आपलं आहे ते अपकृत्य. इथं शेजारी शेजाऱ्याला जाब विचारतो. जेल नाही, बेडी नाही; तुझ्या हातून माझं बिघडलं, ते भरून दे, एवढंच मागणं. मी म्हणायचो, मुद्दाम कुठं केलं? तू म्हणायचास, मुद्दाम केलं असं मी कधी म्हटलं? जी काळजी शहाण्या माणसानं घेतली असती ती तू घेतली नाहीस, आणि त्यातूनच माझी बाग गेली. ती दुसऱ्या कशानं गेली असती तर मी तुझ्या दारात आलो नसतो.

मी हार जाणारा नव्हतो. म्हणालो, अरे, पंप काय भाड्यानं दिला होता? फुकट दिला. फुकट देणाऱ्यालाच कोर्टात खेचतोस? उद्या गावात कुणी कुणाला विळासुद्धा देणार नाही. यावर तू वाटेतल्या चांदोरीच्या पुढं गेल्यावर उत्तर दिलंस. फुकट देणाऱ्याला कायदाही फार छळत नाही बापू, तो एकच विचारतो, वस्तूत काय खोट आहे हे तुला ठाऊक होतं ना, मग ते सांगितलंस का?

मी लगेच गाडी मारक्या बैलावर नेली. तुझंच उदाहरण होतं ते. बैल मारका आहे हे मालकाला ठाऊक असेल तर त्यानं सांगितलंच पाहिजे, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, आणि ज्याला शिंगं दिसतात त्यानं पुढं कशाला जावं? पंपाला वास होता की नव्हता? तुझं नाक कुठं गेलं होतं? या ठिकाणी तू दर वेळी पुस्तक मिटून पिशवीत ठेवायचास. मला वाटायचं, जिंकलो. वकिलांनाही मी हेच सांगितलं आणि त्यांनी ते कैफियतीत, म्हणजे माझ्या लेखी जबाबात, पक्कं केलं. तणनाशकाबद्दल वादीला तोंडी सांगितलं होतं; शिवाय वादीनं स्वतःही निष्काळजीपणा केला. चावडीवरचं खोटं आता टाइप होऊन आलं, आणि त्याखाली मी सही केली.

एकदा मीच विचारलं तुला, काय पाहिजे तरी काय? तू द्राक्षाची नवी काडी लावून बाग पुन्हा उभी केली होतीस. तुझं उत्तर मला पाठ आहे. "द्राक्षं आली परत. मला तुझ्या तोंडून एक वाक्य पाहिजे. 'मी सांगितलं नव्हतं.' चावडीवर म्हण, दावा उद्या काढून घेतो." मी म्हणालो, गाडी आली, चल.

तुझी उलटतपासणी झाली तो दिवस. तू पिंजऱ्यात ताठ उभा होतास, वर्गात उभा राहायचास तसाच. माझ्या वकिलांनी विचारलं, पंप घेतला तेव्हा वास आला होता का? तू म्हणालास, आला होता, फिनेलसारखा. नाही म्हणाला असतास तर कोण सिद्ध करणार होतं? वकिलांनी पुढं विचारलं, तरी धुतला नाहीत? नाही धुतला. मग त्यांनी ओठ पुसले आणि कुठल्याच वकिलानं विचारू नये तो प्रश्न विचारला. का?

तू न्यायाधीशांकडं बघून बोललास. "साहेब, माझ्या हातून परत आलेली वस्तू धुऊन घेणारी घरं मी लहानपणापासून पाहिली. दुसऱ्याची वस्तू त्याच्यादेखत धुतली की त्याला काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. बापूनं माझ्या हातची वस्तू कधी धुतली नाही. तो धुतलाय म्हणाला. त्याच्या दारात मी तो पुन्हा कसा धुणार?"

टाइपराइटर थांबला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, परत लावला. माझे वकील मात्र बाहेर येऊन म्हणाले, केस खिशात. वास आला आणि धुतला नाही, वादीनं स्वतःच कबूल केलं, याहून काय पाहिजे? मी त्यांच्या मागनं चालत होतो आणि मला माझ्या आईचे हात दिसत होते.

आता ते सांगतो. तू असताना सांगायला पाहिजे होतं.

दाव्याआधीची बारा-तेरा वर्षं त्या पंपावर आपण दोघांनी आळीपाळीनं काम केलंय. तुझा बिघडला की माझा तुझ्याकडं जायचा. तो परत आला की आई तो ओट्यावर घ्यायची. आतलं उरलेलं पाणी तुझ्या विहिरीचं, म्हणून आधी ते उकिरड्यावर ओतायची. मग राखेचं पाणी आत घालून खळखळून काढायची, बाहेरनं चिंचेनं घासायची. पितळ कसं लखलख व्हायचं. मी तिथंच उभा असायचो. पहिल्या वेळी म्हणालो, आई, कशाला? ती म्हणाली, "तुला काय करायचंय? तू नाय ना धुवत?" मी नाही धुतला. एकदाही नाही. म्हणजे तू शपथेवर सांगितलंस ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मी फक्त बघत राहिलो आणि गप्प बसलो.

शेतकी कॉलेजच्या प्राध्यापकांची साक्ष झाली तेव्हा ते म्हणाले, सोडा नसेल तर राखेच्या पाण्यानंही ते औषध बरंच निघून गेलं असतं. तुला त्यात काही विशेष वाटलं नसेल. मला बाकावर बसवेना. तुझ्याकडनं आलेला पंप माझ्या घरात राखेनं धुतला जायचा आणि त्यात असायचं नुसतं विहिरीचं पाणी. माझ्या रानातनं आलेला पंप कुणी धुतला नाही, आणि त्यात विष होतं. कायद्याच्या तुझ्या पुस्तकात याला काय म्हणतात, ते तुला विचारायचं होतं. आई गेली तेव्हा तू दहाव्याला घाटावर आलास, सगळ्यांच्या मागं उभा राहिलास. तेव्हा सांगणार होतो. मग म्हटलं, गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं. निमित्त काय, कधीही सापडतं.

पुढची साक्ष माझी होती. शपथ घेऊन बोलायचं होतं. तीन तारखा वकिलांनी पुढं ढकलल्या, चौथीच्या आधी तू गेलास. छातीत कळ, तासाभराचा खेळ. तुझ्यामागं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आलो तेव्हा लोकांनी मला पुढं जागा करून दिली. दाव्यातला माणूस आला म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही. मी मागंच बसलो.

तर वकील मला गप्प बसा म्हणाले, त्या दुपारी मी घरची गाडी सोडून दिली आणि सुजाताच्या क्वार्टरवर गेलो. तुझी पोरगी तुझ्यासारखीच दारात उभी राहते, हात मागं बांधून. मी म्हणालो, बाई, नव्वद दिवसांच्या आत तुझं आणि तुझ्या आईचं नाव दाव्यात लाव, नाहीतर दावा बुडेल. ती म्हणाली, "बापूकाका, तुम्ही प्रतिवादी आहात."

मी म्हणालो, म्हणूनच आलोय. आणि मग उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तणनाशकाचं सांगितलं नव्हतं, हे सांगितलं. आईचंही सांगितलं, राख, चिंच, उकिरड्यावर ओतलेलं पाणी. शेवटी म्हणालो, हे किसनला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं माझ्यावर एवढा भरवसा ठेवला.

सुजातानं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी ते प्यालो.

"बाबांना ठाऊक होतं, काका. तुमच्याकडून पंप आला की चिंचेचा वास यायचा. आम्ही परत करायचो तेव्हा काळपट असायचा, पुढच्या वेळी आणायचो तेव्हा चकचकीत. मी एकदा चिडून म्हणाले, आणू नका त्यांच्याकडून काही. तर म्हणाले, त्याची आई धुते, तो नाही धुवत. आणि त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल."

मी विचारलं, मग माझ्यावर राग नव्हता त्याचा?

"त्यांचा नव्हता," ती म्हणाली. "माझा आहे. तो असू द्या."

असू दे. तिचा राग मला तिच्या पाण्याइतकाच मोलाचा वाटला. किसन, तू वीस वर्षं वाट बघितलीस. त्या एस.टी.तल्या बाकावर, माझ्या शेजारी बसून, विटाळाचा विनोद करून माझ्या तोंडाकडं बघत होतास. मी हसलो होतो.

वारसांची नावं लागली. परवा माझी साक्ष झाली. वकिलांनी कागद हातात घेऊन ठरलेला प्रश्न विचारला, वादीला तुम्ही तणनाशकाची कल्पना दिली होती ना? मी म्हणालो, "नाही. मी सांगितलं नव्हतं." त्यांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्यानं परत विचारलं. मी तेवढ्याच मोठ्यानं परत सांगितलं, आणि कैफियतीतलं ते वाक्य खोटं आहे, मला ठाऊक असताना मी त्यावर सही केली, हेही सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, याचे परिणाम कळतात ना? मी म्हणालो, सात वर्षं एका गुरुजींकडं शिकलोय, साहेब. ते वाक्य टाइप व्हायला घोटभर चहाचाही वेळ लागला नाही. वकिलांनी आता माझं वकीलपत्र सोडतो म्हणून सांगितलंय.

निकाल यायचाय. भरपाई जी ठरेल ती मी देईन. वास येऊनही तू धुतला नाहीस म्हणून थोडी चूक तुझ्याही वाट्याला ठेवतील, असं तुझा वकील म्हणतो, कायद्याला धरूनच आहे म्हणे. मला ते मान्य नाही. शिंगं दिसत होती तरी पुढं का गेला, असं मीच तुला छळत होतो. आता माझं म्हणणं उलटं आहे. शिंगं दिसली तरी मालकाच्या शब्दाला मान देऊन जो पुढं जातो, त्याच्या पदरात चूक घालायचीच कशी? तू असतास तर कायद्याच्या बाजूनं भांडला असतास आणि मी तुझ्या बाजूनं. चांदोरीपर्यंत तरी पुरला असता हा वाद.

काल सुजाता गावी आली होती. सात वर्षं पुरावा म्हणून तुमच्या माळ्यावर पडलेला पंप काढून ती माझ्या दारात घेऊन आली. म्हणाली, बाबांचं परत द्यायचं राहिलं होतं. पितळ पार काळंहिरवं झालेलं. बायको आतनं राख घेऊन बाहेर आली, सुजातासमोरच. सवय, दुसरं काय. मी म्हणालो, ठेव ते. पंप पाठीवर घेतला, दुकानातनं धुण्याचा सोडा घेतला आणि तुझ्या विहिरीवर गेलो. शेतकी खात्याच्या माणसानं सांगितला होता तसा आतून तीनदा धुतला. हात सोलवटले. सुजाता काठावर उभी राहून बघत होती, मदतीला आली नाही.

मग तुझ्या विहिरीचं एक कळशी पाणी त्यात भरलं आणि पाठीवर घेऊन भर गावातनं घरी आलो. पंप ओट्यावर ठेवलाय, आईच्या जागेवर. पाणी आत आहे. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, ते कुणी ओतायचं नाही.